हाडांचे राखणदार आणि विदर्भातील पाणी

हाड हा केवळ शरीराचा आधार नव्हे. ते कॅल्शियमचे कोठारही आहे. या कोठाराचा जमाखर्च पेप्टाइड संप्रेरके, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीने बनलेले संदेशवाहक, सांभाळतात. रक्तातील कॅल्शियम घटले की, परावटू ग्रंथींचे ८४ दुव्यांचे संप्रेरक मूत्रपिंडांना ते राखून ठेवावयास लावते आणि हाडांतूनही थोडे उचलते. अवटू ग्रंथीतील ३२ दुव्यांचे कॅल्सिटोनिन हाड झिजविणाऱ्या पेशींना आवरते. उचल तात्पुरती असेल तर हाड पुन्हा भरून निघते. ती अखंड चालली तर मात्र राखणदारच कोठार रिते करतो.

विदर्भात या व्यवस्थेवर पाण्यातून घाला येतो. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक आढळते. ते हाडांत साचते. आहारात कॅल्शियम अपुरे असल्यास परावटू संप्रेरकही वाढून अपाय दुणावतो. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत पाण्यात चुना व तुरटी घालून ढवळले असता ते गाळाबरोबर खाली बसते. मुलांच्या दातांवरील पिवळे-तपकिरी डाग ही या दोषाची पहिली खूण. ती शिक्षकांना वर्गातच दिसू शकते.