थंडीतील पहाट आणि गाडीचा स्टार्टर

भोपाळची थंडी काश्मीरची नव्हे. तरीही जानेवारीत एखाद्या पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, आणि गोविंदपुऱ्यातील जुन्या डिझेल गाड्यांना तेवढे पुरते. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या अण्णांची जीप अशीच रुसली. काकूंना सात वाजता डायलिसिससाठी न्यायचे होते. स्टार्टर दोनदा कण्हला, तिसऱ्यांदा नुसताच ‘टक्’ वाजला. रिक्षा मिळून रुग्णालयात पोहोचेपर्यंत आठ वाजून गेले होते. मिस्त्रीने निदान केले, “स्टार्टर कमजोर आहे, याहून मोठा बसवा.”

अण्णांची उभी हयात येथील कारखान्यात विजेच्या मोटारी तपासण्यात गेलेली. मोजल्यावाचून ते कशावरही विश्वास ठेवीत नाहीत.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन तापते आणि तिच्यात शिरलेले इंधन पेटते. इंजिन सावकाश फिरले, तर ती उष्णता सिलिंडरच्या गार भिंती पिऊन टाकतात. शिवाय थंडीत ऑइल घट्ट झाल्याने स्टार्टरचे काम वाढते, आणि नेमके तेव्हाच बॅटरीचे बळ घटते. शून्य अंशाला सुमारे पाचव्या हिश्श्याने, उणे १८ अंशांना जवळजवळ निम्म्याने. (लडाखात तर डिझेलच गोठू लागते, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तेथे उणे ३३ अंशांपर्यंत चालणारे हिवाळी डिझेल आणले.)

अण्णांनी मला किल्ली फिरवायला बसविले आणि स्वतः मल्टिमीटर धरला. बॅटरीच्या टोकांवर १०.२ व्होल्ट, पण स्टार्टरवर जेमतेम ८.४! वाटेतच जवळजवळ दोन व्होल्ट गळत होते. चोर सापडला तो चासीला जोडलेल्या अर्थच्या पट्टीत. तिच्यावर हिरवा गंज चढला होता. तेथे आणखी मोठा स्टार्टर लावला असता, तर त्याने अधिक प्रवाह ओढला असता आणि गळतीही वाढली असती.

पट्टी बदलली, हीटर प्लग तपासले. त्यांतील दोन निकामी निघाले. तथापि स्टार्टरचे बुशही झिजलेच होते, तेव्हा नवा घेणे भागच होते. अण्णांनी रिडक्शन गिअरचा निवडला. जुन्या पद्धतीत मोटार पिनियनला सरळ फिरविते. या पद्धतीत लहान मोटार फार वेगाने फिरते आणि गिअर तो वेग कमी करून जोर वाढवितात. त्यामुळे तेवढ्याच जोराला प्रवाह कमी लागतो आणि थकलेल्या बॅटरीवर ताण पडत नाही. घेताना त्यांनी व्होल्ट, किलोवॅट, पिनियनचे दात, फिरण्याची दिशा आणि बोल्टांची भोके, सारे जुन्याशी ताडून पाहिले. एक दात कमीअधिक झाला, तरी फ्लायव्हीलचे कडे खराब होते, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

१९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, त्यापूर्वी हँडल उलटून लोकांचे हात मोडत. आमच्या पिढीने ते हँडल पाहिले आहे. नव्या पिढीला वाटते, किल्ली धरून ठेवली की झाले. परवा काकूंचा भाचा गाडी काढीत होता. अण्णा ओसरीवरूनच ओरडले, “अरे, आधी हीटरचा दिवा विझू दे! आणि दहा सेकंदांत नाही लागली तर सोड, अर्धा मिनिट थांब!” गाडी मात्र दुसऱ्याच सेकंदाला लागली होती.