हवा भरायला माणूस नसेल तेव्हा

जानेवारी २०२३ पासून सिंगापूरच्या रस्त्यांवर डीएचएल कंपनीच्या काही पिवळ्या व्हॅन वेगळ्या चाकांवर धावू लागल्या. लांबून चाक नेहमीसारखंच काळं दिसतं. गाडी उभी असताना वाकून पाहिलं की फरक कळतो. या टायरला बाजूची भिंतच नाही. मध्ये अॅल्युमिनियमचं चाक, बाहेर नक्षी कोरलेला रबरी पट्टा आणि दोहोंना जोडणाऱ्या वाकवलेल्या पातळ पट्ट्यांची रांग. त्या पट्ट्यांच्या फटींतून पलीकडचा रस्ता दिसतो. हवा भरायचा व्हॉल्व्ह कुठेच नाही, कारण आत हवा नाही. खिळा घुसला तर घुसला, गाडी पुढे जाते.

या चाकाचं नाव ‘अप्टिस’, बनवणारी कंपनी फ्रान्सची मिशेलिन. ४ जून २०१९ रोजी मॉन्ट्रियलमध्ये जनरल मोटर्सच्या जोडीने मिशेलिनने ते जगापुढे आणलं आणि २०२४ पर्यंत प्रवासी मोटारींना बसवायचा मानस जाहीर केला. पंक्चर नाही, टायर फुटणं नाही, हवा तपासणं नाही. मिशेलिनच्याच हिशोबाप्रमाणे जगातले सुमारे २० टक्के टायर पंक्चरमुळे किंवा हवा कमीजास्त राहून वेडेवाकडे झिजल्यामुळे वेळेआधी भंगारात जातात. एवढा कचरा वाचणार असेल तर कोणाला नको? तरीही २०२४ उलटून गेलं आणि शोरूममधल्या एकाही मोटारीला ही चाकं लागली नाहीत. मिशेलिनकडे पैसा, माणसं आणि चिकाटी यांची वाण नाही. अडचण आहे ती हवेची. तिच्या जागी दुसरं काही बसवायला गेलं की ती किती कामं एकटीने करत होती हे कळतं.

छोटी मोटार घ्या, साधारण १,००० किलोची. एका चाकावर २५० किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो दाब. भागाकार केला तर उत्तर येतं सुमारे ११० चौरस सेंटिमीटर. टायर जमिनीला टेकतो तो एवढाच, टपाल खात्याच्या पोस्टकार्डापेक्षाही थोडा कमी. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं त्या तुकड्यावर. मागच्या सीटवर आणखी दोघं बसली की टायर जरा बसतो, टेकणारी जागा वाढते, जमिनीवरचा दाब जवळपास तेवढाच राहतो. दगडावरून चाक गेलं तर रबर तेवढ्यापुरतं आत दबतं आणि धक्का आतल्या आत जिरतो. हे सगळं करणाऱ्या टायरभर हवेचं वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. ही स्प्रिंग गंजत नाही, थकत नाही, आणि कमीजास्त करायची तर पंप पुरतो.

तिला पर्याय शोधणारे मिशेलिनचे दोन अभियंते, टिमथी राइन आणि स्टीव्हन क्रॉन, यांनी प्रश्न नीट मांडून घेतला. हवेच्या टायरमध्ये असे कोणते गुण आहेत, जे सोडता येत नाहीत? त्यांनी चार काढले: जमिनीवर कमी दाब, उभ्या दिशेला मऊपणा, अडथळ्यावर आपटताना कमी ऊर्जा गमावणं आणि कमी वजन. भरीव रबराचा टायर यातल्या बहुतेक कसोट्यांवर नापास होतो. एमआयडीसीतल्या गोदामांत फोर्कलिफ्टला भरीव टायर असतात आणि ते तिथे ठीकच आहेत, कारण फोर्कलिफ्ट गुळगुळीत फरशीवर माणसाच्या चालीने फिरते. त्याच टायरवर कोणी मोटार हाकली तर पहिल्याच गतिरोधकावर कंबर बोलेल.

राइन आणि क्रॉन यांची युक्ती समजायला बैलगाडीचं लाकडी चाक आणि सायकलचं चाक शेजारी ठेवावं. बैलगाडीत ओझं तुंब्याखालच्या आऱ्यांवर उभं राहतं, म्हणून आरे जाडजूड. सायकलची तार इतकी बारीक की तिच्यावर काही उभं राहूच शकत नाही, ती वाकेल. तिथे सगळ्या तारा ताणून बसवलेल्या असतात आणि भार त्या ताणावर तोलला जातो. हवेच्या टायरचा स्वभाव या दुसऱ्या जातीचा. हवा आतल्या दोऱ्यांना चहूकडून ताणून धरते. खाली जिथे टायर टेकतो तिथला ताण ढिला पडतो, वरचा तसाच राहतो आणि रिम जणू वरून टांगली जाते.

त्यांनी पॉलियुरेथेनचे आरे असेच वागतील असं चाक रचलं. खालचा आरा दबून वाकतो, भार घेत नाही. वरचे आरे ताणले जातात आणि गाडी त्यांना लटकते. बाहेरच्या पट्ट्यात न ताणणारे दोन थर आणि त्यांच्यामध्ये रबर. चाक जमिनीवर चपटं होताना हे दोन थर एकमेकांवर सरकू पाहतात, मधलं रबर विरोध करतं, आणि त्या विरोधातून टेकलेल्या जागेवर सारखा दाब तयार होतो. रबराचा ताठपणा, थराची जाडी आणि चाकाची त्रिज्या ठरली की दाब ठरला. म्हणजे पेट्रोल पंपावरच्या हवावाल्याचं काम कारखान्यातल्या साच्याने कायमचं करून टाकलं. या चाकाला त्यांनी ‘ट्वील’ म्हटलं, आणि २००५ मध्ये मिशेलिनने ते जाहीर केलं.

‘कायमचं’ हाच त्याचा गुण आणि हाच दोष. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. बऱ्याच गाड्यांच्या स्टिकरवर हवेचे दोन आकडे असतात, एकदोन माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा. रोज एकट्याला ऑफिसला नेणारी गाडी गणपतीत पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात उतरते, तेव्हा चार पीएसआय वाढवले की भागतं. बिनहवेच्या चाकाला असं काही सांगता येत नाही. पूर्ण भाराला पुरेल असं ताठ बनवलं तर एकट्याला रोज हादरे. मऊ ठेवलं तर भरलेली गाडी वळणावर डुलणार.

दुसरी अडचण आवाजाची. खाली वाकलेला आरा जमीन सोडून वर जाताना झटकन सरळ होतो. मोटारीच्या चाकाचा परीघ १.९ मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला ते सेकंदाला जवळजवळ १२ फेरे घेतं. आरे साठ धरले, तर सेकंदाला सातशे झटके. सातशे कंपनं म्हणजे कानाला सरळ ऐकू येणारा सूर, तोही एकसुरी आणि न थांबणारा. सुरुवातीचा ट्वील साधारण याच वेगाच्या पुढे घुमायला आणि थरथरायला लागायचा. मोटारीच्या केबिनमध्ये हे कोण सहन करेल? शिवाय वाकणं आणि सरळ होणं यात रबर-रेझिन तापतं. ती उष्णता इंधनातून किंवा बॅटरीतूनच येते. अप्टिसमध्ये रेझिनला काचतंतूंची जोड देऊन आरे पातळ आणि चिवट केले, तेव्हा हे दोष पुष्कळ आटोक्यात आले. उघड्या बाजूंचा प्रश्न उरतोच. चिखल, खडी, बर्फ आऱ्यांमध्ये अडकून एका बाजूला वजन साचलं, की चाकाचा तोल गेला.

ट्वील मग फुकट गेला का? अजिबात नाही. मोटारीत नापास झालेलं चाक मिशेलिनने दुसऱ्या दारातून आत आणलं. बांधकामावर, भंगाराच्या आवारात फिरणारा छोटा लोडर, ज्याला आपल्याकडे सरसकट बॉबकॅट म्हणतात, तो दिवसभर सळ्या, काचा, खिळे तुडवत असतो. त्याचा टायर बसला की नुसता टायर बसत नाही, चालक, डंपर आणि सगळं काम बसतं. वेग मात्र इतका कमी की आरे घुमण्याचा प्रश्नच येत नाही. गवत कापायच्या मोठ्या यंत्रांचंही तसंच. या गिऱ्हाइकांनी ट्वील उचलला. नोव्हेंबर २०१४ मध्ये मिशेलिनने अमेरिकेत साउथ कॅरोलायनामधल्या पीडमाँट इथे फक्त ट्वीलसाठी कारखाना उघडला.

याहून जुना दाखला चंद्रावरचा. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी तिथे जी गाडी चालवली, तिची चाकं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांच्या जाळीची होती, वर टायटॅनियमच्या पट्ट्या. पुढच्या दोन मोहिमांतही तीच. तिन्ही गाड्या मिळून ९० किलोमीटरच्या आसपास चालल्या. रबर त्या थंडी-उन्हात टिकलं नसतं, हे खरं. पण टायर बसला असता तर जॅक लावायला तिथे कोण होतं, हेही खरंच.

हवा काढून टाकण्यात पुढे असलेल्या मिशेलिननेच ती मोटारीत आणली होती. टायरात हवा भरायची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनची. १८४५ मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि लोक विसरले. १८८८ मध्ये बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलच्या खटपटीतून तीच गोष्ट पुन्हा शोधली. सायकलींनी ती ताबडतोब उचलली, मोटारवाल्यांचा विश्वास बसेना. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या भावांनी हवेच्या टायरांवर गाडी उतरवली. ती वाटेत पंक्चर काढत काढत मुदत संपल्यावर पोचली. सर्वांत आधी पोचलेला एमिल लव्हासोर भरीव रबरी टायरांवर होता. त्या दिवशीचा निकाल पाहून कोणी हवेवर पैसे लावले नसते. पण इंजिनं जोरदार होत गेली, वेग वाढला, आणि भरीव रबराच्या हादऱ्यांपुढे पंक्चर परवडलं. पुढे रेडियल आणि ट्यूबलेस आले, पंक्चर कमी झालं आणि हवेचं आसन पक्कं झालं.

यातून आजच्या चाकासाठी एवढंच घेता येतं: नवं चाक जुन्याच्या दोषांमुळे जिंकत नाही, गाडीची गरज बदलली तर जिंकतं. १८९५ नंतर बदलला तो वेग. आता बदलतो आहे तो गाडीकडे लक्ष देणारा माणूस. कुरियरच्या व्हॅनवर आज एक चालक, उद्या दुसरा, टायर बघणं कोणाचंच काम नाही. चालक नसलेल्या गाडीत तर बघणारा बसतच नाही. म्हणूनच गुडइयरने २०२१ मध्ये आपली बिनहवेची चाकं फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात चालकाविना चालणाऱ्या छोट्या बसला लावून पाहिली. जपानच्या ब्रिजस्टोनने २०११ च्या टोकियो मोटार शोमध्ये पहिला नमुना दाखवला होता. त्या कंपनीचे प्रयोग आता ताशी २० किलोमीटरच्या आत चालणाऱ्या छोट्या सार्वजनिक विजेच्या गाड्यांवर चालू आहेत. मिशेलिनने डीएचएलपाठोपाठ फ्रान्सच्या टपाल खात्याच्या गाड्या गाठल्या. ही सगळी गिऱ्हाइकं सारख्याच वळणाची आहेत: ठरलेला रस्ता, बेताचा वेग, अंदाजात राहणारं वजन, आणि रस्त्यात गाडी उभी राहिली तर मोठं नुकसान.

आपल्याकडे हे गणित उलटं पडतं. नाक्यानाक्यावर पंक्चरवाला आहे. ट्यूबलेस टायर असेल तर तो चाक न काढता खिळा उपसतो, रबराची चिकट पट्टी टोच्याने आत घालतो, उरलेलं टोक कापतो, हवा भरतो. पाच-दहा मिनिटांचं काम. इतकी स्वस्त आणि हाताशी असलेली सोय असताना महागडं चाक घ्यायला कारण लागतं. कारण एकच मोठं आहे, ते म्हणजे वेगात फुटणारा टायर. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर परिवहन खात्याला गुळगुळीत टायरांच्या गाड्या प्रवेशावरच अडवाव्या लागल्या, कारण सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास वेगाने धावताना घासलेला, कमी हवेचा टायर तापतो आणि फुटतो. पण अशा वेगासाठीच बिनहवेचं चाक अजून पूर्ण तयार नाही. आणि धोका कमी करायला हवा काढून टाकण्याचीही गरज नाही, ती मोजली तरी पुरे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची राहिली नाही. हवेच्या टायरचा पहारेकरी म्हणून चाकात बसलेला एवढासा सेन्सर हा अप्टिसचा खरा प्रतिस्पर्धी आहे.

कायद्याचंही दार अजून अर्धंच उघडं आहे. आपला २००९ चा टायरांच्या दर्जाविषयीचा आदेश नावापासूनच हवेच्या टायरांसाठी आहे. अमेरिकेत बिनहवेच्या टायरांसाठी वेगळं मानक आहे, पण ते तात्पुरत्या स्टेपनीपुरतं. कसोटीच हवेचा दाब धरून लिहिलेली असेल तर ज्यात दाबच नाही त्याला पास तरी कसं करायचं? हे नियम बदलतील, पण चाकांचा पुरेसा अनुभव जमल्यावर. तो अनुभव आत्ता कुठे कुरियरच्या व्हॅन जमवत आहेत.

तेव्हा मोटारीचे टायर बिनहवेचे होतील का, याचं उत्तर गाडी कोणाची यावर अवलंबून आहे. गवत कापणाऱ्या यंत्राने आणि बॉबकॅटने होकार दिलेला आहे. शहरातल्या मालाच्या गाड्या तपासून पाहत आहेत आणि चालकाविना चालणाऱ्या टॅक्सी सर्रास झाल्या तर त्यांना हेच चाक परवडेल. घरची गाडी रांगेत सर्वांत शेवटी, कारण तिला सगळंच हवं असतं: शांतता, वेग, मऊपणा, कधी एक माणूस तर कधी पाच, आणि हे सारं कमी पैशांत. एवढ्या मागण्या एकाच वेळी पुऱ्या करणारी वस्तू आजतरी हवाच आहे. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने एवढ्यात दुसरा धंदा शोधायचं कारण नाही.