नकुसा

सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो, तेव्हाची गोष्ट. बचत खातं उघडायला आलेल्या बाईंना मी नाव विचारलं. ‘नकुसा.’ मला वाटलं, खातंच नको म्हणताहेत!

मुलीवर मुली झाल्या की धाकटीला हे नाव द्यायचं, म्हणजे पाठीवर मुलगा होतो, ही समजूत. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत फरक एका अनुस्वाराचा. इथं तोही उरत नाही. २०११ साली साताऱ्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं मिळाली. कुणी ऐश्वर्या झाली. बाईंच्या वेळी तसलं काही नव्हतं. लेजरात मीच सुवाच्य अक्षरात ‘नकुसा’ लिहिलं.

वारस म्हणून त्यांनी मुलीचं नाव सांगितलं. हौसा.