एका बोल्टची गोष्ट

परवा आमच्या शिवाजी पेठेतल्या बचत गटातल्या एक काकू आयुष्यात पहिल्यांदा विमानानं निघाल्या, लेकीकडे. ठेवणीतली साडी, पिशवीत दशम्या आणि तिखट चटणी. उजळाईवाडीला पोचल्या तर विमानाला ‘तांत्रिक कारणामुळे’ दोन तास उशीर! लगेच मला फोन. "वहिनी, आपली एस.टी. बरी होती बघा. बिघडली तर ढकलता तरी येती!"

मी हसले. पण एक वाचलेली हकिगत मनातून जात नव्हती, म्हणून त्यांना म्हटलं, "काकू, दोन तास जाऊ देत, पण विमान नीट बघून होऊ दे."

१० जून १९९०. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान सतरा हजार फुटांवर होतं. अचानक कॅप्टनसमोरची काच निखळली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले! केबिनमधल्या नायजेल ऑग्डेन यांनी धावत जाऊन त्यांना धरलं, मग सहकाऱ्यांनी आळीपाळीनं त्यांचे पाय धरून ठेवले. सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा.

चूक कुठं झाली? उड्डाणाच्या सुमारे सत्तावीस तास आधी ती काच बदलली होती. नव्वद बोल्टांपैकी चौऱ्याऐंशी जाडीला कमी होते. फरक पाऊण मिलिमीटरसुद्धा नव्हता. बदलणारा माणूस अनुभवी होता. रात्रपाळीला माणसं कमी, म्हणून काम त्यानं स्वतःच अंगावर घेतलं. जुना बोल्ट हातात धरून नवा नजरेनंच जुळवला. दुसऱ्या कुणी तपासावं असा त्या कामाला नियमच नव्हता.

माझ्या सासऱ्यांचं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं. त्यांना हे सांगितलं तर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "व्हर्नियर लावायला कितीसा वेळ लागतो गं? पण पहाटे माणूस आपल्याच नजरेवर विश्वास टाकतो. मीसुद्धा टाकलाय. माझ्या हातात पंपाचा भाग होता, विमान नव्हतं, एवढंच."

दरवेळी नशीब असं साथ देत नाही. १२ ऑगस्ट १९८५ ला जपानचं जंबो विमान डोंगरावर कोसळून ५२० जण गेले. वाचलेल्या चौघी होत्या, बायका आणि मुलीच. सात वर्षांपूर्वी त्या विमानाची शेपूट धावपट्टीला घासली होती. तेव्हा मागच्या पडद्याची दुरुस्ती करताना जोडपट्टी चुकीची बसवली. ती वरून दिसत नव्हती. आपल्या मुंबईतही १२ ऑक्टोबर १९७६ ला इंडियन एअरलाइन्सचं कॅरावेल विमान उड्डाणानंतर परत फिरताना कोसळलं, ९५ जण गेले. इंजिनातल्या एका चकतीला धातू थकून भेग पडली होती. तिथं कुणाचा हात चुकला असं मी म्हणत नाही. पण असल्या भेगा वेळेत सापडाव्यात म्हणूनच तर तपासणी असते.

कॅनडाच्या गॉर्डन ड्युपाँट यांनी १९९३ मध्ये अशा चुकांमागची बारा कारणं मांडली. वाचताना वाटलं, ही तर आपल्या स्वयंपाकघरातलीच! थकवा, घाई, ‘रोजचंच तर आहे’ ही बेफिकिरी, निरोप अर्धवट देणं, खटकलं तरी न बोलणं. कुकरची रिंग ‘बसतेय की’ म्हणून दुसऱ्या मापाची घालणाऱ्या आपणच ना? (मी घातलीय. डाळ छतावर गेली होती.)

विमानाचे कंट्रोल उघडून पुन्हा जोडले, की दुसऱ्या जाणकारानं ते नव्यानं तपासायचं आणि सही करायची, असा नियम आहे. पण ज्याच्या हातून चूक झाली त्यानं आपणहून ‘माझं चुकलं’ म्हणणं, हे कुठल्या नियमानं आणायचं? घरात बरणी फोडल्याचं खरं सांगणाऱ्या पोराला धपाटा बसला, की पुढची बरणी तो कपाटामागं लपवतो. हँगरमध्येही माणसंच असतात. म्हणून आता विमान क्षेत्रात, चूक स्वतः कळवणाऱ्याला शिक्षेची भीती वाटू नये असा प्रयत्न होतो. मुद्दाम केलेल्या हयगयीची गोष्ट वेगळी.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "पोचले बाई! आणि ऐका, ते पिवळ्या जाकिटातलं पोरगं खाली उभं होतं ना, त्याला मी खिडकीतनं हात केला. त्याला कुठलं दिसतंय म्हणा!"