शिक्क्यामागचा हात

गुच्चिओ गुची यांनी १९२१ साली फ्लॉरेन्स येथे चर्मवस्तूंचे दुकान थाटले. त्याच्या शताब्दीला जेमतेम तीन वर्षे लोटली असतील, तोच ‘गुची’ या नावाची विक्री कोसळू लागली. २०२२ मध्ये या पेढीची वार्षिक विक्री सुमारे १०.५ अब्ज युरो होती. पुढील वर्षी ती ९.९ अब्जांच्या आसपास आली आणि २०२४ मध्ये ७.६५ अब्जांवर घसरली. त्या एका वर्षात कार्यकारी नफाही निम्म्यापेक्षा कमी झाला. गुचीची मालकी असलेल्या ‘केरिंग’ या फ्रेंच उद्योगसमूहाच्या उत्पन्नातील सुमारे ४५ टक्के वाटा या एकाच नावाचा असल्याने घराचा मुख्य खांबच हादरला.

धनिकांच्या पिशव्या खपेनाशा झाल्या, तर भारतीय वाचकाने त्याची दखल का घ्यावी, हा प्रश्न रास्त आहे. गेली दोन दशके आपले शासनही नावांचे मोल जपण्याचे धोरण राबवीत आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या भारतीय उत्पादनांची संख्या सहाशेच्या पुढे गेली आहे. नावाची पत कशी उभी राहते आणि कशी ढासळते, हे समजून घेणे म्हणूनच आपल्या हिताचे आहे.

घसरणीची कारणे सांगताना पहिले बोट चीनकडे दाखवले जाते. तेथील मध्यमवर्गाने घरांच्या किमती कोसळल्यावर हात आखडता घेतला, हे खरेच आहे. दुसरे कारण कलादिग्दर्शकांच्या बदलाचे. २०१५ पासून गुचीला नवे रूप देणारे अलेस्सांद्रो मिकेले २०२२ मध्ये गेले. त्यांच्यानंतर आलेले साबातो दे सार्नो दोन वर्षांतच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पायउतार झाले आणि पुढच्याच महिन्यात डेम्ना यांचे नाव जाहीर झाले. सप्टेंबरमध्ये तर खुद्द केरिंगचे मुख्य कार्यकारी पदही मोटार उद्योगातून आलेल्या लुका दे मेओ यांच्याकडे सोपवण्यात आले.

ही कारणे खोटी नाहीत. पण पुरेशीही नाहीत. त्याच बाजारपेठेत, त्याच चिनी मंदीत, ‘एर्मेस’ या फ्रेंच पेढीची विक्री २०२४ मध्ये वाढून १५ अब्ज युरोंपलीकडे गेली. तिच्या पिशव्या गुचीहून कितीतरी महाग. मात्र तेथे सर्वसाधारणपणे एक पिशवी एकच कारागीर आरंभापासून अखेरपर्यंत घडवतो. नवी कार्यशाळा काढायची, तर आधी माणसे शिकवावी लागतात; उत्पादन त्याच गतीने वाढते आणि गिऱ्हाईक थांबून राहते. महाग वस्तू घेणारा वर्ग नाहीसा झालेला नाही. दिलेल्या किमतीचे चीज होते, असे ज्याला वाटेनासे झाले, तो वर्ग दूर गेला आहे. ‘बेन’ या सल्लागार संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ ते २०२४ या काळात जगभरातील आलिशान वस्तूंच्या बाजाराने सुमारे ५ कोटी ग्राहक गमावले. करोनानंतरच्या तेजीत बहुतेक पेढ्यांनी किमती वारंवार वाढवल्या. कातडे आणि शिलाई त्या प्रमाणात सुधारली, असे ग्राहकाला जाणवले नाही.

गुचीच्या बाबतीत दर्जा खरोखर किती घसरला, हे मोजणे अवघड आहे. फ्लॉरेन्सजवळ स्कांदिच्ची येथे या पेढीने २०१८ मध्ये नमुने घडवण्यासाठी व वस्तूंच्या चाचण्यांसाठी मोठे केंद्र उभारले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु पत ही जितकी वस्तूत असते, तितकीच घेणाऱ्याच्या मनात असते. गुचीला हा धडा नवा नव्हता. १९७० आणि १९८० च्या दशकांत कुटुंबातील भाऊबंदकी विकोपाला गेली असताना हे नाव परवान्यावर अनेकांना वापरू दिले गेले. कॅनव्हासच्या स्वस्त पिशव्यांपासून किरकोळ वस्तूंपर्यंत सर्वत्र ती दोन अक्षरे उमटली. १९९० च्या दशकारंभी पेढी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. परवाने आवळून, वस्तूंची संख्या छाटून आणि टॉम फोर्ड यांच्याकडे कलादिग्दर्शन सोपवून तिला सावरण्यात आले. नाव स्वस्तात वाटले की ते रिकामे होते, हे तेव्हा कळले होते. पुढच्या तेजीत ते विसरले गेले.

या व्यवसायावरील विश्वासाला आणखी एक धक्का मिलानच्या न्यायालयातून बसला. त्या प्रकरणांत गुचीचा समावेश नव्हता. पण झळ सर्वांनाच लागली. २०२४ मध्ये आर्मानी आणि डिऑर यांच्या, तर २०२५ मध्ये व्हॅलेंटिनोच्या उत्पादन कंपन्या व ‘लोरो पियाना’ ही पेढी न्यायालयीन देखरेखीखाली आणली गेली. या कंपन्यांवर स्वतःवर गुन्ह्याचा आरोप नव्हता. उपकंत्राटदारांवर पुरेसे लक्ष ठेवले नाही, हा ठपका होता. तपासात आढळलेल्या काही कार्यशाळांत कामगार तेथेच झोपत आणि काम वेगाने उरकावे म्हणून यंत्रांवरील सुरक्षा साधने काढून टाकलेली होती. डिऑरची दुकानात २,६०० युरोंना विकली जाणारी एक पिशवी जोडून देण्यासाठी पुरवठादाराला ५३ युरो मिळत होते. कातडे व इतर खर्च त्यात धरलेला नाही, हे खरे. तरीही तो आकडा युरोपभर गाजला. डिऑरवरील देखरेख २०२५ च्या आरंभी मुदतीआधीच उठली. ग्राहकाच्या मनातला प्रश्न मात्र उरला: मी किंमत मोजतो ती कारागिरीची की शिक्क्याची?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे काश्मीरची आठवण होणे अपरिहार्य आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या स्त्रियांमध्ये काश्मिरी शालीची इतकी चलती होती की फ्रेंच व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी श्रीनगरात राहून नक्षी ठरवीत. राज्याचे ‘दागशाल’ नावाचे खाते शालीवर शिक्का मारी. तो शिक्का दर्जाची हमी नव्हता. कर वसूल झाल्याची ती खूण होती. कराच्या ओझ्याने पिचलेले विणकर २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यावर सैन्य घातले गेले आणि कित्येकांनी प्राण गमावले. दरम्यान पेझ्लीच्या यंत्रांवर स्वस्त नकला निघत होत्या. पुढे पॅरिसची फॅशन बदलली, १८७० चे फ्रान्स-प्रशिया युद्ध आले आणि हा व्यापार कोसळला. शिक्का होता, खाते होते, महसूलही होता. विणकराची काळजी घेणारे मात्र कोणी नव्हते.

आज आपण कोठे आहोत? जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर ‘प्राडा’ने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रात आणि कर्नाटकात संताप उसळला. तो योग्यच होता, कारण या दोन राज्यांतील जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन २०१९ मध्येच मिळाले आहे. प्राडाला आपल्या प्रेरणेचे मूळ जाहीरपणे मान्य करावे लागले. पण आपल्याच शहरांच्या फुटपाथवर रेक्झिनच्या, यंत्रावर कापलेल्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून राजरोस विकल्या जातात, तेव्हा आपला संताप कोठे असतो?

सेवेत असताना एका राज्यातील शासकीय वस्त्रविक्री केंद्राचा साठा तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. हातमागाच्या म्हणून मांडलेल्या प्रत्येक साडीवर शिक्का होता, नोंदवही चोख होती. मी शिक्के मोजले, नोंदीशी ताळा जमवला आणि समाधानाने सही करणार होतो. सोबत आलेल्या एका वृद्ध विणकराने एक गठ्ठा सोडला, कापड उलटून वीण पाहिली आणि शांतपणे म्हटले, “साहेब, ह्या आमच्या नाहीत.” त्या यंत्रमागाच्या होत्या. ज्याची वीण होती त्याला जे दिसले, ते मला दिसले नव्हते; आणि आमच्या संपूर्ण पद्धतीत त्याच्यासाठी जागाच नव्हती.

ती जागा आजही पुरेशी नाही. भौगोलिक मानांकनाच्या २००२ च्या नियमांनुसार अर्जदाराने दर्जा तपासणाऱ्या यंत्रणेचा तपशील द्यायचा असतो. पण त्यापुढे एक शब्द आहे, ‘असल्यास’. म्हणजे यंत्रणा नसली तरी नोंदणीचा मार्ग बंद होत नाही. परिणामी मानांकन जाहीर होते, समारंभ होतो, आकडा एकाने वाढतो आणि बाजारात काय विकले जाते, हे पाहण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे अनेकदा ठरतच नाही.

उपाय फार गुंतागुंतीचे नाहीत. तो ‘असल्यास’ हा शब्द नियमांतून काढावा. प्रत्येक मानांकनामागे तपासणी समिती असावी आणि तिच्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारागिरांना मताधिकारासह स्थान असावे. अधिकृत वापरकर्त्यांची यादी, झालेल्या तपासण्या आणि बाद ठरवलेला माल यांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध व्हावा. विक्री किमतीतील किती वाटा कारागिराच्या हाती पडला, हेही त्यात यावे. खर्च होईल, पण नव्या मानांकनांचे समारंभ थोडे कमी केले, तर त्याची सुरुवात तरी होऊ शकेल.

गुचीपाशी पैसा आहे. मालक बदलून, कलावंत बदलून, वस्तू आवरून ती पेढी कदाचित पुन्हा उभी राहील. एकदा ती राहिलीही आहे. कोल्हापुरी चपलेमागे किंवा पैठणीमागे असा कोणी धनाढ्य उद्योगसमूह उभा नाही. त्या नावांची पत एकदा गेली, तर ती शिवणारी आणि विणणारी माणसे दुसऱ्या कामाला लागतील आणि त्यांची मुले ती कला शिकणारच नाहीत.