पाण्याच्या पाळीतली राष्ट्रभक्ती

राष्ट्रभक्तीचे नाव निघाले की नाशिककराचे मन १९०९ सालच्या विजयानंद नाट्यगृहाकडे आणि तेथे इंग्रज कलेक्टरावर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेरे यांच्या हौतात्म्याकडे वळते, आणि ते उचितच आहे. तथापि स्वतंत्र देशात प्राण मागणारा प्रसंग क्वचित येतो, पाणीपट्टी मागणारा मात्र दर हंगामात येतो. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी ओझरपर्यंत कागदोपत्री पोहोचत असे, पण वरच्या अंगाची शेते भिजेपर्यंत शेपटाकडच्या चारीत कोरडी माती तेवढी उरे. तेव्हा सरकारदरबारी अर्जविनंत्या करीत न बसता समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये व भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास शेतकऱ्यांना एकत्र करून महात्मा फुले, बाणगंगा व जय योगेश्वर या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाटबंधारे खात्याकडून पाणी घनमापाने मोजून घ्यावयाचे, सभासदांत वाटावयाचे आणि पट्टी आपणच वसूल करून भरावयाची, असा हा व्यवहार. रात्री दार उचलून पाणी पळवणारा आता खात्याचे नव्हे, शेजाऱ्याचे पाणी चोरू लागला. आणि शेजाऱ्याची नजर पाटकऱ्याच्या दंडाहून जबर असते, हे खेड्यात राहिलेल्यास सांगावयास नको. झेंडावंदनास गैरहजर राहणाऱ्याविषयी आपण चटकन साशंक होतो, थकबाकीदाराविषयी होत नाही, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटते. पुढे अवघ्या वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले, आणि २००५ साली राज्याने केलेल्या कायद्याने अशा संस्थांना घनमापाने पाणी मिळण्याचा हक्क दिला.