महिन्याचं वाचन, काशीहून

पुण्याचा भाचा दर महिन्याच्या अखेरीला फोन करतो. पहिला प्रश्न ठरलेला, "आत्या, या महिन्यात किती झाली?" त्याच्या वयाची वाचणारी मुलं वर्षाच्या सुरुवातीला पन्नास, शंभर असे आकडे ठरवतात आणि कुणाची मजल कुठवर गेली ते एकमेकांना कळवत राहतात. वाचनाची ही ईर्ष्या मला मनापासून आवडते. पण आकडा मी त्याला सांगत नाही. कोणतं पुस्तक कुठवर आलं, कशावर लिहून झालं, काय अर्ध्यात ठेवलं आणि कोणतं कुणाच्या हाती गेलं, ते सांगते. महिन्याच्या वाचनाचा हिशेब असाच मांडावा, असं माझं ठाम मत आहे आणि ते काशीत राहून घडलेलं आहे.

आमचं घर दुर्गाघाटाच्या गल्लीत. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट ही काशीतली जुनी मराठी वस्ती. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की बनारसी बोली, त्यामुळे वाचनही पहिल्यापासून दोन्ही भाषांतलं. लिहिते मात्र मराठीत, मासिकांसाठी परीक्षणं.

परीक्षणाचा व्यवहार बाहेरच्यांना फारसा ठाऊक नसतो. लेखक किंवा प्रकाशक मासिकाकडे पुस्तकाच्या दोन प्रती पाठवतात. एक कार्यालयात राहते, दुसरी परीक्षण लिहिणाऱ्याकडे जाते आणि त्याचीच होते. आलेल्या सगळ्याच पुस्तकांवर लिहून घेणं कुठल्याही मासिकाला जमत नाही. उरलेल्यांची नावं 'साभार पोच' या मथळ्याखाली छापतात, त्यात पुस्तक, लेखक, प्रकाशक, पानं आणि किंमत. कितीतरी पुस्तकांची छापील दखल तेवढीच असते. गावाकडच्या एखाद्या शिक्षकानं पदरचे पैसे घालून काढलेला कथासंग्रह त्या यादीत बारीक टायपात येऊन जातो. म्हणून मी ती यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि एखाद्या नावापाशी थांबले तर संपादकांना कळवून ते पुस्तक मागवून घेते.

पुस्तकं येतात ती टपालानं, नाहीतर माणसांबरोबर. मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसनं किंवा पुण्याहून ज्ञानगंगेनं कुणी काशीयात्रेला निघालं, की त्यांच्या पिशवीत माझ्यासाठी एखादं पुडकं असतंच. जाताना त्यांना मी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' देते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत दानदक्षिणेच्या आशेनं उत्तरेत आले, झाशीच्या वेढ्यात सापडले, अनेकदा लुटले गेले आणि तरी गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचं हे पुस्तक १९०७मध्ये छापून निघालं. रेल्वेनं एका दिवसात काशी गाठणाऱ्यानं परतीच्या वाटेवर ते वाचावं, यापेक्षा योग्य जागा आणि वेळ त्या पुस्तकाला मिळणार नाही. माझ्या वाचनाच्या वहीत याचीही नोंद होते. नाव, तारीख, आणि पुढे त्यांचं पत्र किंवा फोन आला तर काय म्हणाले ते.

वहीत दर महिन्याला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे काय आलं आणि कुणाकडून. उजवीकडे काय वाचलं, कुठे थांबले, काय लिहून पाठवलं. एखाद्या जाड पुस्तकापुढे ओळीनं तीन-तीन महिने 'चालू' असाच शेरा दिसतो. तशा महिन्यांत आकडा दाखवायला काहीच नसतं, पण माझे सगळ्यात भरलेले महिने तेच.

या श्रावणात गंगा चढली, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या, नावा बंद झाल्या. भिंतींना ओल आली की पुस्तकांना कसर लागते. त्यामुळे कपाटं रिकामी करून पुस्तकं उघडायची, झटकायची, पंख्याखाली उभी करायची, हे काम याच दिवसांत निघतं. त्यात शिवप्रसाद मिश्र 'रुद्र' काशिकेय यांची 'बहती गंगा' पुन्हा हाती आली आणि महिन्याचं मुख्य वाचन तेच झालं. १९५२मधलं हे पुस्तक. सतरा कथा, प्रत्येक आपल्या पायावर उभी, आणि सगळ्या मिळून काशीचा दोनशे वर्षांचा काळ. काही जण त्याला कादंबरी म्हणतात, काही जण कथासंग्रह. परीक्षण लिहिताना या वादात शिरायचं नाही असं मी ठरवलं, कारण मराठी वाचकाला त्याआधी सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

त्यात दुलारी नावाची गाणारी आहे आणि टुन्नू नावाचा कोवळा मुलगा. कजली या पावसाळी गीतांच्या सामन्यात दोघं समोरासमोर येतात. पुढे विदेशी कपडे गोळा करणारी मिरवणूक दुलारीच्या खिडकीखालून जाते. चार जणांनी धरलेल्या चादरीत लोक कपडे टाकताहेत, आणि ते बहुतेक जुनेर, फाटकं. वरून दुलारी कोऱ्या करकरीत, उंची विलायती साड्यांचा गठ्ठा खाली टाकते. पहिल्या वाचनात हा प्रसंग देशप्रेमाचा वाटतो. दुसऱ्या वाचनात त्याआधीची खादीची साडी दिसू लागते. होळीच्या तोंडावर टुन्नूनं आणलेली, तिनं त्याच्या पायांशी फेकलेली आणि तो गेल्यावर उचलून ठेवलेली. आता तो गठ्ठा नुसता बहिष्काराचा राहत नाही. मरून गेलेल्या पोराला द्यायचं राहून गेलेलं उत्तर पुढे ती कसं देते, ते कळायला ही आधीची साडी लक्षात असावी लागते. माझ्या परीक्षणाचा गाभा हाच आहे आणि तो दुसऱ्या वाचनाशिवाय हाती आला नसता.

म्हणून पहिल्यांदा वाचताना मी पेन्सिल जवळ ठेवत नाही. लेखकाच्या चालीनं चालायचं. दुसऱ्यांदा कागदाचे चिटोरे घालत जाते, आणि त्या चिटोऱ्यांवर एकच विचारते, लेखकानं स्वतःसमोर काय काम ठेवलं होतं आणि ते इथे झालं का. जिथे पुस्तक सगळ्यात उंच जातं ते पान आणि जिथे लंगडतं ते पान, दोन्ही क्रमांकासह लिहून ठेवते. पान सांगता येत नसेल तर दोषही सांगू नये. मग बांधणी, मुद्रणदोष, शेवटी सूची आहे की नाही, आणि किंमत. किमतीचा उल्लेख काहींना हलका वाटतो. तालुक्याच्या गावी पगारातून पैसे बाजूला काढून पुस्तक घेणाऱ्याला तो वाटत नाही.

काशीत मराठी पुस्तकाची सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती साडेचारशे वर्षांपूर्वी. परंपरा अशी सांगते, की एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरच्या टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणला लिहिले, त्यांची प्रत इथे पोचली, आणि संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणलं म्हणून इथल्या संन्याशांनी आणि पंडितांनी आक्षेप घेतला. नाथांना बोलावणं गेलं. ते आले, इथे राहिले आणि शके १४९५च्या, म्हणजे १५७३च्या कार्तिक पौर्णिमेला त्यांनी ग्रंथ वाराणसीत पुरा केला. स्थळ आणि तिथी त्यांनी स्वतः ग्रंथाच्या शेवटी नोंदवली आहे. पोथी गंगेत टाकली, गंगेनं ती वर धरली आणि मग तिची हत्तीवरून मिरवणूक निघाली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मला तिच्यातला आधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. आक्षेप आला तेव्हा एकतीसपैकी पाच अध्याय झाले होते, आणि तो आशयावर नव्हता, भाषेवर होता. पुरा ग्रंथ ऐकला आणि त्याच सभेचं मत पालटलं. मिरवणूक झाली असेल किंवा नसेल, पण पुरतं वाचण्याआधी निकाल देऊ नये हे सांगायला याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

त्या टीकेचा, म्हणजे नाथभागवताचा, एक अध्याय मी दर महिन्याला वाचते. घरातून दहा मिनिटं चाललं की त्या मजकुरातली गंगा समोर असते, त्यामुळे घाई करावीशी वाटत नाही. वहीत त्यापुढे फक्त अध्यायाचा क्रमांक असतो.

अर्ध्यात ठेवलेल्या पुस्तकांचीही नोंद असते, कुठल्या पानाशी थांबले ते लिहून. पण त्यांच्यावर मी लिहीत नाही, मासिकानं कितीही तगादा लावला तरी. प्रत परत पाठवते. या महिन्यात अशी एक प्रत परत गेली. विषय चांगला, मेहनत दिसत होती, पण माझं मन रमेना. दुसऱ्या कुणाला ते पुस्तक नक्की भेटेल आणि तो त्याच्यावर माझ्यापेक्षा न्यायानं लिहील.

परीक्षण हा मासिकाचा नेमानं चालवायचा विभाग आहे, ही शिस्त हिंदीत आणणाऱ्यांमध्ये अभ्यासक एका मराठी माणसाचं नाव घेतात. माधवराव सप्रे. १८७१मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मलेल्या सप्र्यांनी जानेवारी १९००मध्ये छत्तीसगडमधल्या पेंड्रा या आडगावातून 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक सुरू केलं. रेल्वे, छापखाना, वाचक सगळं दूर. तरी नव्या पुस्तकांवर ते सविस्तर लिहीत, गुण सांगत आणि दोष दाखवत. मासिक तीनच वर्षं चाललं. पैशाचं गणित जमलं नाही. पुढे दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेलं. इथल्या नागरी प्रचारिणी सभेनं शास्त्रीय परिभाषेचा कोश हाती घेतला, त्यातही त्यांचा हात होता. मराठीत त्याच्या पाव शतक आधी, जानेवारी १८७४पासून, विष्णुशास्त्री चिपळूणकर 'निबंधमाला' जवळजवळ एकहाती लिहीत होते. तिचे चौऱ्याऐंशी अंक निघाले. महिन्याच्या महिन्याला वाचून, विचार करून लिहायचं हे काम किती माणूस खातं, ते त्या दोघांकडे पाहून कळतं. त्यांच्या मतांशी भांडण असू शकतं. विष्णुशास्त्र्यांनी जोतीराव फुल्यांवर ज्या शब्दांत लिहिलं त्याच्याशी माझं आहेच. पण नेमाशी नाही.

माझा नेम ज्या जागेवर उभा आहे ती म्हणजे काशी हिंदू विश्वविद्यालयाचं ग्रंथालय. मराठी वाचकांना त्याची हकीकत सांगताना मला नेहमी भरून येतं. १९१७मध्ये त्याची सुरुवात झाली ती न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलानं, प्रा. पी. के. तेलंगांनी, दिलेल्या ग्रंथसंग्रहातून. त्या वेळी तो कमच्छाच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात होता. १९३१च्या गोलमेज परिषदेहून परतलेल्या, विश्वविद्यालयाचे संस्थापक मदनमोहन मालवीयजींच्या डोळ्यांसमोर लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय होतं. त्या धर्तीची इमारत इथे उभी राहिली ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या देणगीतून. १९४१मध्ये पुस्तकं नव्या वास्तूत आली. सयाजीराव ती पाहायला नव्हते, दोन वर्षांपूर्वीच गेले होते. ज्या राजानं आपल्या संस्थानात गावोगावी वाचनालयं आणि फिरत्या ग्रंथपेट्या पोचवल्या, त्याचं नाव आज काशीतल्या त्या दारावर आहे.

आणि १९४५मध्ये तिथे ग्रंथपाल म्हणून आले शियाळी रामामृत रंगनाथन. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे. सुमारे लाखभर पुस्तकांचं वर्गीकरण त्यांनी इथल्या दोन वर्षांत स्वतः बसून केलं. त्यांची पाच सूत्रं ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्यांतल्या तीन सूत्रांचा आशय. परीक्षण लिहिणाऱ्यानं दुसरं काय करायचं असतं? कुणी माझं लिहिणं वाचून 'हे पुस्तक माझं नाही' असं ठरवलं, तरी ते परीक्षण कामी आलं असं मी धरते. पण काही पुस्तकं फार थोड्यांची असतात आणि त्या थोड्यांना पत्ताच नसतो. त्यांच्यासाठी लिहिताना मी जास्त जीव ओतते.

शेजारची एक मुलगी विश्वविद्यालयात हिंदी घेऊन शिकते आहे. घरची भाषा मराठी, पण मराठी वाचायची सवय राहिलेली नाही. तिला 'बहती गंगा' हवी होती. "काकू, दहावीत दुलारी-टुन्नूचा धडा होता आम्हाला, बाकीचं पुस्तक कधी पाहिलंच नाही," म्हणाली. मी पुस्तक दिलं आणि बरोबर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. बोलल्यासारखं लिहिलेलं मराठी, अडायला होत नाही. पंधरा दिवसांनी ती आली ती 'स्मृतिचित्रे'बद्दल बोलत. सोवळ्याच्या वेडापायी घरच्यांना छळणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या वडिलांची पानं तिनं आजीला मोठ्यानं वाचून दाखवली होती, आणि आजीनं आपल्या सासऱ्यांच्या गोष्टी सुरू केल्या होत्या. वहीच्या उजव्या पानावर त्या महिन्याची सगळ्यात लांब नोंद तीच आहे.

आता भाद्रपद लागेल. पाणी उतरेल, गल्लीत गणपती बसतील, पुस्तकं पुन्हा कपाटात जातील. पाठोपाठ दिवाळी अंक. ते यायला लागले की माझी सगळी मांडणी विस्कटते, कारण काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी माणूस आश्विन-कार्तिकात जे वाचतो त्याला कुठलाच हिशेब पुरत नाही. त्याआधी मोतीचंद्रांचं 'काशी का इतिहास' पुरं करायचं आहे. गहडवाल राजांपर्यंत आले आहे. मराठ्यांचा काळ पुढे आहे आणि त्यावर बरंच लिहायचं आहे, म्हणून 'बहती गंगा'चं परीक्षण आज रात्रीच पाकिटात घालते.